चहाची पंगत

जपानी भाषेत ‘निचिजो साहानजी’ असा एक शब्दप्रयोग आहे. त्याचा शब्दशः अर्थ ‘रोजच्या चहाभाताची गोष्ट’ असा होतो. जिच्यात नवल वाटण्यासारखे काही नाही, जी रोज उठून घडते, अशा कोणत्याही बाबीला जपानी माणूस हे शब्द लावतो. आपल्या मराठीतही चहाने असेच ठाण मांडले आहे. पाहुण्याचे आगतस्वागत म्हणजे चहापाणी, मुलगी पाहण्याचा कार्यक्रम म्हणजे चहापोहे, आणि कचेरीत अडलेला कागद पुढे सरकावा म्हणून जे हातावर ठेवावे लागते तेही चहापाणीच! साहेबापेक्षा शिपायाचा तोरा अधिक दिसला, की ‘चहापेक्षा किटली गरम’ असे म्हणून आपण मोकळे होतो.

ज्या गोष्टीकडे कोणी मुद्दाम पाहत नाही, तिच्यातच समाजाचे खरे नियम वावरत असतात असे मला वाटते. म्हणून प्रस्तुत लेखात चहाच्या चवीविषयी मी थोडेच लिहिणार आहे. मला तीन साधे प्रश्न विचारायचे आहेत. चहा करतो कोण? तो कोण कोणाबरोबर बसून पितो? आणि कोणाच्या कपातून पितो? गिरगाव ते लालबाग या आपल्या टापूत आणि दूरच्या जपानात या प्रश्नांची उत्तरे कशी मिळतात, ते पाहू.

पानाचा प्रवास

चहा मूळचा चीनचा. चीनच्या बहुतेक भागांत त्याला ‘चा’ म्हणतात, तर फुकियन किनाऱ्यावरच्या बोलीत ‘ते’. डच व्यापाऱ्यांनी हा दुसरा उच्चार युरोपात नेला आणि त्यातून इंग्रजी ‘टी’ आला. पोर्तुगीज, इराणी, जपानी आणि आपण मात्र पहिल्या घराण्यातले. खेड्यातली आजी ‘च्या’ म्हणते आणि जपानी आजी ‘ओचा’ म्हणते, तेव्हा दोघी एकच शब्द उच्चारत असतात.

हिंदुस्थानात चहा इंग्रजी मळ्यांबरोबर आला, असा आपला समज असतो. परंतु १६३८ साली सुरतेस आलेल्या मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशाने तेथील रोजच्या बैठकीत चहा घेतल्याचे लिहून ठेवले आहे. १६८९ साली आलेल्या ओव्हिंग्टन या इंग्रज पाद्र्याने सुरतेचे वाणी खडीसाखर घालून, क्वचित मसाला उकळून चहा पितात असे पाहिले आणि पुढे १६९९ मध्ये चहावर एक निबंधच छापला. अर्थात हा चहा औषधासारखा, मोजक्या घरांतला. १८२३ साली रॉबर्ट ब्रूस याला आसामात सिंगफो लोकांकडून तेथील चहाच्या झाडांचा पत्ता लागला आणि १८३९ मध्ये आसाम कंपनी स्थापन झाली. तरीही पुढची साठ-सत्तर वर्षे मळ्यांचा डोळा लंडनच्या बाजारावरच होता. आपल्या माणसांना चहा पाजण्याची कल्पना मळेवाल्यांना नंतर सुचली.

१९०३ साली चहावर उपकर बसवण्याचा कायदा झाला आणि त्या पैशातून प्रचार सुरू झाला. रेल्वे स्थानकांवर चहावाले उभे राहिले, चहा कसा करावा हे सांगणाऱ्या पाट्या लागल्या. पहिल्या महायुद्धाच्या काळात हा प्रचार कोळशाच्या खाणी, कारखाने आणि कापडगिरण्यांपर्यंत पोहोचला. आपले विक्रेते दूध-साखर सढळ हाताने घालत आणि पूड कमी टाकत; त्यामुळे प्रचारक मंडळी नाराज असत. पण अखेर जिंकली ती आपल्या विक्रेत्यांची रीत. पुढे १९३० च्या सुमारास आसामात मॅककर्चर याने पान चिरडून, फाडून, वळवून त्याचे बारीक दाणे करणारे यंत्र बनवले. या ‘सीटीसी’ चहाचा रंग चटकन उतरतो, थोड्या पुडीत पुष्कळ कप होतात आणि दुधातही त्याची चव मरत नाही. गरिबाच्या घरात चहा शिरला तो या दाण्याच्या पाठीवर बसून. आज देशात पिकणाऱ्या चहापैकी सुमारे चार पंचमांश चहा देशातच संपतो.

शास्त्रात नसलेले पेय

आपल्या समाजात अन्नाचे नियम पक्के होते. कोणी कोणाच्या पंगतीला बसावे, कोणाच्या हातचे पाणी चालते, कोणाचे शिजवलेले चालत नाही, हे सारे ठरलेले. चहा मात्र जुन्या ग्रंथांत कोठेच नव्हता. मग तो पाणी समजायचा, की शिजवलेले अन्न? या प्रश्नाने एकदा अवघे पुणे ढवळून निघाले होते.

१८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातली प्रतिष्ठित मंडळी जमली होती. न्यायमूर्ती रानडे, टिळक, गोखले ही त्यांतली नावे. मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटे पुढे ठेवली. कोणी प्याले, कोणी नुसता हात लावला. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे छापून आणली आणि रण माजले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, ग्रामण्य उभे राहिले आणि १८९२ मध्ये खुद्द रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. एका कप चहासाठी एवढे! आज हे वाचताना हसू येते. पण त्या कर्मठांचे एक निदान अगदी अचूक होते असे मला वाटते. एका टेबलाभोवती बसून चहा पिणे ही पंगत मोडण्याची सुरुवात आहे, हे त्यांनी ओळखले होते.

इराण्याचे टेबल

ही झाली पुण्याची गोष्ट. मुंबईत त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत ही नवी पंगत बसवली ती इराण्यांनी. यझ्द आणि केरमान भागांतून आलेल्या या झरतुष्ट्री मंडळींनी गिरगावच्या वेशीवर धोबीतलावाला दुकाने थाटली. कयानी १९०४ चे, ससानियन १९१३ चे, ग्रँट रोडचे मेरवान १९१४ चे. पुढे परळ-दादरपर्यंत नाक्यानाक्यावर इराणी दिसू लागला. संगमरवरी टेबल, काळ्या लाकडाच्या गोल पाठीच्या खुर्च्या, भिंतीवर आरसे, ब्रून-मस्का आणि ‘पानी कम’ चहा. स्वतः इराणात चहा बिनदुधाचा, साखरेचा खडा दाताखाली धरून पितात. तिकडच्या लाहिजानची चहाची लागवडदेखील गेल्या शतकाच्या आरंभी काशिफ-उस-सलतने या वकिलाने आपल्या कांगड्याहून नेलेल्या रोपांची आहे. म्हणजे त्यांनी आपल्याला टेबल दिले आणि आपण त्यांना रोपे दिली, असा हा व्यवहार!

त्याच काळात शहरात ब्राह्मणांची उपाहारगृहे, अमक्या जातीच्या खाणावळी अशा पाट्याही होत्या. दर्शनी भागी जात लिहिलेली असे. इराण्याच्या दारावर तशी जात नव्हती. त्याला हिंदूंच्या पायऱ्यांशी कर्तव्य नव्हते, आणि गल्ल्यावर पडणारा आणा सर्वांचा सारखाच होता.

गिरण्यांच्या वस्तीत या टेबलाला मोठाच अर्थ होता. १९४८ च्या कारखाने कायद्याने दिवसाला कमाल नऊ तासांचे काम, मधली किमान अर्ध्या तासाची विश्रांती आणि अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात उपाहारगृह या गोष्टी आल्या. एरवी भोंग्याच्या तालावर चालणाऱ्या माणसाला स्वतःचा म्हणावा असा वेळ म्हणजे चहाचा वेळ. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे दहा-पंधरा गडी जिथे राहत, तिथे पाठ टेकून बसायची जागाही इराण्याकडेच. जेवणाचे बघायची ती खाणावळवाली. गिरणगावातल्या अशा बायांना १९७५ साली प्रेमा पुरव यांनी ‘अन्नपूर्णा महिला मंडळा’त एकत्र आणले, तेव्हा कोठे ‘करतो कोण’ या प्रश्नाला जाहीर उत्तर मिळाले.

माझे आजोबा लालबागच्या एका गिरणीत रिंग खात्यात सायडर होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, तोवर त्यांनी तिथे सतरा वर्षे काढली होती. ते सांगत, की पाळी सुटली की ते आणि शेजारच्या रिंगवरचा त्यांचा जोडीदार एकच चहा मागवत. कप एकाचा, बशी दुसऱ्याची. दुसऱ्या दिवशी उलट. जोडीदार दलित होता. रिंग खात्यात तो होता, कारण साचाखात्यात त्याच्या समाजाला मज्जाव असे. विणताना कांडी बदलली, की धाग्याचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि त्या धाग्याला लागलेली थुंकी सवर्णांना चालत नसे. साचाखात्यात पगार अधिक. म्हणजे उष्ट्याचा हा नियम थेट पोटावर येत होता. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न जाहीरपणे मांडला. ते तेव्हा परळच्या बी. आय. टी. चाळीत राहत. स्वतः त्यांनाही १९१८ नंतर सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक असताना पाण्याच्या सामाईक भांड्यावरून सहकाऱ्यांची हरकत सोसावी लागली होती. आणि चहा म्हणजे शेवटी पाणीच की! ज्याला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेण्यासाठी १९२७ साली सत्याग्रह करावा लागतो, त्याला टपरीवर कप कुठला मिळणार?

म्हणूनच आपल्या घटनेच्या पंधराव्या कलमात दुकाने, उपाहारगृहे यांचा स्पष्ट उल्लेख आला. १९५५ चा अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांचा कायदा, ज्याला १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, तो तर आणखी खोलात जाऊन उपाहारगृहातल्या भांड्यांच्या वापराविषयी बोलतो. एखाद्या देशाच्या संसदेला कपबशीसाठी कायदा करावा लागावा, यावरून कपबशीचे वजन कळते.

एका वाडग्यातून

उष्ट्याचा हा प्रश्न मनात ठेवून जपानकडे वळले, तेव्हा मला मोठे आश्चर्य वाटले. ११९१ साली एइसाइ या भिक्षूने चीनहून चहाचे बी जपानात आणले असे मानतात. सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) याने चहाविधीला साधेपणाचे वळण दिले. क्योतोजवळ यामाझाकीला ‘ताइआन’ नावाची त्याची चहाखोली आहे. ती अवघ्या दोन चटयांची. अशा खोलीचे दार जेमतेम दोन फूट उंच. आत शिरायचे तर सरदारालाही कमरेची तलवार बाहेर ठेवून गुडघ्यांवर सरपटत जावे लागे. आणि आत जो घट्ट चहा घोटतात, तो सर्व पाहुणे एकाच वाडग्यातून पितात. एकाने दोन-तीन घोट घ्यायचे, कड पुसायची, वाडगा पुढे द्यायचा.

याच प्रथेवर तिकडे एक आख्यायिका आहे. ओतानि योशित्सुगु नावाच्या सरदाराला महारोग होता. चहाच्या बैठकीत त्याच्या जखमेतला थेंब वाडग्यात पडला. पुढचे सारे जण नुसते ओठ लावल्याचे नाटक करू लागले. इशिदा मित्सुनारि याने मात्र तो वाडगा शांतपणे उचलून सगळा रिकामा केला. पुढे १६०० साली सेकिगाहाराच्या लढाईत हरण्याची चिन्हे दिसत असूनही ओतानि इशिदाच्याच बाजूने लढला आणि तिथेच मेला. कथा खरी असो वा नसो, जपानी मनाला ती सांगावीशी वाटली, हे महत्त्वाचे.

पण एवढ्यावर जपानला गुणांकन देऊन मोकळे होणे बरे नाही. हा झाला विधी. रोजच्या चहाची कथा वेगळी. रोज घरोघरी पितात तो हिरवा चहा. १७३८ साली नागातानि सोएन याने पाने वाफवून, हाताने मळून, वाळवण्याची रीत बसवली आणि ‘सेंचा’ तयार झाला. दूध नाही, साखर नाही. पाणीही आपल्यासारखे खळखळ उकळते नको. सत्तर-ऐंशी अंशांवर आणून ओतायचे, नाहीतर कडू द्रव्ये अधिक उतरतात आणि गोडसर चव दबते. त्याहून स्वस्त ‘बांचा’ आणि भाजलेला ‘होजिचा’. त्यांना उकळते पाणी चालते. सुतार-गवंडी सकाळी दहाला आणि दुपारी तीनला हत्यारे खाली ठेवून चहा घेतात. या दोन वेळा तिथल्या कामकऱ्यांत रूढ आहेत.

ओतण्याची एक रीत मला फार आवडली. चार कप असतील तर चहादाणीतून प्रत्येकात थोडे थोडे ओतत शेवटच्या कपापर्यंत जायचे, मग उलट्या क्रमाने परत यायचे. त्यामुळे पहिल्याचा फिका आणि शेवटच्याचा गडद असे होत नाही. सर्वांच्या वाट्याला सारखाच चहा येतो. आमच्या घरी आई आधी बाबांना, मग आम्हा मुलांना आणि उरलेला गाळ निथळून स्वतःला ओतते. ‘मला अर्धाच लागतो’ असे ती म्हणते. तिला खरोखर किती लागतो, हे मी विसाव्या वर्षापर्यंत विचारले नव्हते.

मात्र सारखा ओतलेला हा चहा जपानी घरातही ज्या कपांत पडतो ते सारखे नसतात. नवराबायकोच्या जोडीचे कप भेट देण्याची तिकडे पद्धत आहे. त्यांतला नवऱ्याचा मोठा, बायकोचा लहान. कचेऱ्यांत चहा करून साहेबांपुढे ठेवणे हे वर्षानुवर्षे स्त्री कर्मचाऱ्यांच्या गळ्यात पडे. त्याला ‘ओचाकुमि’ असे नावच आहे. १९८५ साली नोकरीत समान संधीचा कायदा झाला तरी हे काम एकदम सुटले नाही. त्याच वर्षी बाजारात डब्यातला तयार हिरवा चहा आला, आणि १९८९ पासून तो ‘ओइ ओचा’ या नावाने विकला जाऊ लागला. या नावाचा अर्थ काय? ‘अगं, चहा!’ दिवाणखान्यातून बायकोला दिलेली हाक. हाकेचे नाव ल्यालेला चहा आता यंत्रात नाणे टाकले की कोणालाही मिळतो. तो आणून द्यायला कोणी उठावे लागत नाही. समतेचा हाही एक मार्ग म्हणायचा!

दुसरीकडेही पाहावे तर हेच दिसते. मोरोक्कोत पुदिन्याचा चहा पाहुण्यांसमोर उंचावरून धार धरून ओतण्याचा मान बहुधा घरच्या कर्त्या पुरुषाचा. दरडोई चहात जगात आघाडीवर असलेल्या तुर्कस्तानात दुकानादुकानांत निमुळत्या कमरेचे पेले पोहोचवणारी पोरे धावत असतात. आपल्याकडचा ‘बाहेरवाला’ तो हाच. चहा सर्वांना एकत्र बसवतो खरा; पण कोण बसणार आणि कोण उभे राहून देणार, हे त्या त्या समाजाने आधीच ठरवलेले असते.

खिडकीतला कप

आजोबांच्या गोष्टीचा अर्धा भाग सांगायचा राहिला आहे. सतरा वर्षे ज्याच्याशी कपबशी वाटून घेतली तो जोडीदार सणावारी आमच्या चाळीतल्या खोलीवर येई. तिथे त्याला चहा मिळे तो कान तुटलेल्या कपात, आणि तो कप खोलीबाहेरच्या खिडकीत पालथा ठेवलेला असे. आजोबांनी हे सांगताना मान खाली घातली होती. ‘इराण्याकडे आमचं राज्य होतं, घरात तिचं,’ असे म्हणून त्यांनी सारे आजीवर ढकलले. मला ते पटले नाही. आजीने कप वेगळा ठेवला हे खरे. पण आजोबांनी तो सतरा वर्षांत एकदाही उचलून आत आणला नाही, हेही खरेच.

आज गिरण्या नाहीत. फिनिक्स मिलच्या आवारात मॉल उभा आहे, चाळींच्या जागी मनोरे आले आहेत. पुनर्विकासात आम्हालाही अकराव्या मजल्यावर घर मिळाले. खिडकीबाहेर कप ठेवायला आता जागाच उरली नाही. पण धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींचा कप आमच्याकडे वेगळाच आहे. तो आता ओट्याखाली, साबणाच्या डब्याशेजारी असतो. जात कोणी विचारत नाही, ‘आपलं स्वच्छतेसाठी’ असे म्हणतात. घरातले सगळे कप रोज मावशीच धुतात, हे मात्र त्या वेळी कोणाला आठवत नाही.

हा लेख लिहायला घेतला त्या आठवड्यात एका सकाळी चहा मी केला. सगळ्या कपांत थोडा थोडा, मग उलट्या क्रमाने, असा जपानी पद्धतीने ओतला आणि कपाटातल्या फुलांच्या कपांपैकी एक मावशींपुढे धरला. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग आईकडे पाहिले, आणि खाली वाकून आपला कप काढला.

‘ऱ्हाऊ द्या ताई, आपला ह्योच बरा,’ म्हणाल्या.

आई काही बोलली नाही. मीही काही बोलले नाही. त्यांनी फुलांच्या कपातला चहा आपल्या कपात ओतून घेतला आणि उभ्यानेच प्यायल्या.

मला वाटले होते, कप बदलला की झाले. आता कळते, की ज्या पंगतीतून माणसाला पिढ्यान्‌पिढ्या उठवले, तिथे एका सकाळच्या आमंत्रणावर तो विश्वास ठेवणार नाही. निमंत्रण रोज द्यावे लागेल. रिक्यूच्या दारातून पाहुणा वाकून आत जातो; आपल्याकडे यजमानानेही वाकायला हवे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा दोन फुलांचे कप काढले, ओट्याखालचा कप माझ्यासाठी घेतला आणि स्वयंपाकघरात खाली बसले. मावशी अजून उभ्यानेच पितात. आई मात्र परवापासून आपला चहा गाळायच्या आधीच मोजून पूर्ण कप ठेवते. ‘निचिजो साहानजी’, म्हणजे रोजचीच गोष्ट. पण ती रोजची व्हायला किती दिवस लागतील, ते आमच्या घराने ठरवायचे आहे.